रडणाऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं

३ नोव्हेंबर

ताई,

पत्रात पाया पडते असं लिहितात, पण तू समोर असतीस तर मी आधी गळ्यात पडले असते आणि मग रडले असते. फोनवर मला जमत नाही. तू "बोल, बोल" म्हणतेस आणि माझी जीभ टाळ्याला चिकटते. त्यात फोन सासूबाईंच्या उशाशी. म्हणून लिहिते. अक्षराला हसू नकोस, सातवीनंतर वहीला हात लावलेला नाही.

मुंगी आजारी होती. आता बरी आहे, हे आधी वाच आणि मग पुढचं. सर्दी, खोकला आणि ताप. अडीच वर्षांची झाली तरी तापात इतकी हलकी होते की उचलली की वाटतं नुसतं फडकं उचललं. हे कामावर, पंधरा दिवसांनी येणार. मला सारखा आपला भाऊ दिसत होता. मी तेव्हा सहा वर्षांची होते, पण ती चटई दिसते आणि आईचा हात दिसतो.

आमच्या डॉक्टरांकडे नेलं. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. दवाखाना म्हणजे एकच खोली, मधे प्लास्टिकचा पडदा. बाहेरच्या बाकाचा एक पाय आखूड आहे, एकजण उठला की बाकीचे सगळे डुलतात. डॉक्टर उंच, वाकून बोलतात, आणि दर दोन मिनिटांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसतात. भला माणूस आहे. तपासून म्हणाले, सर्दीचा ताप आहे, जाईल. मी म्हटलं, "डॉक्टर, आमच्या घरात एक मूल तापानं गेलंय. मला रिकाम्या हातानं पाठवू नका." आणि मला रडू आलं. त्यांनी लगेच लिहून दिलं. तेच जोराचं औषध, पावडरची बाटली, पाणी घालून हलवायची. यंदाची ही चौथी.

तिसऱ्या दिवशी ताप गेला. पोट मात्र बिघडलं, आठ दिवस पोर धुऊन धुऊन माझे हात सोलले. चालतं, ताप नको. अर्धी बाटली उरली आहे, ती फळीवर ठेवली आहे. पुढच्या वेळी होईल.

तुला डॉक्टरांच्या शाळेत काम लागलं म्हणालीस. डॉक्टरांना कसली आलीय शाळा? ते शिकूनच येतात ना?

तुझी बारकी

१३ नोव्हेंबर

बारके,

मी तुझं पत्र उलटं वाचते. आधी शेवटची ओळ, तिथे सगळे जिवंत असले की मग वरून सुरुवात.

डॉक्टरांना शाळा असते. मलाही खरं वाटलं नव्हतं. मोठी खोली आहे, लांब टेबलं, पुढे पांढरा फळा. मी आधी झाडते, पुसते, मग चहाचा ट्रे फिरवते. दर बुधवारी बारा डॉक्टर येतात. सगळे आपल्यासारख्यांच्या गल्लीतले, घरगुती दवाखान्याचे. केस पिकलेले, पोटं सुटलेली, आणि येऊन बाकावर बसतात पोरांसारखे. एकजण दरवेळी पेन विसरतो आणि शेजाऱ्याला कोपर मारतो. शिकवणाऱ्या बाई त्यांच्या निम्म्या वयाच्या, एवढ्याशा, आवाज कधी चढत नाही. त्या विचारतात, मागच्या आठवड्यात नुसत्या सर्दीला अँटिबायोटिक किती जणांना दिलं, हात वर करा. मग बाराचे बारा आपापली नखं बघतात. मी दारात झाडू धरून उभी असते आणि माझं काम विसरते.

जे कळलं ते तुला सांगते. तुझं ते जोराचं औषध म्हणजे अँटिबायोटिक. ते एका जातीच्या जंतूंना मारतं. सर्दी होते ती बहुतेक वेळा दुसऱ्याच जातीनं, विषाणू म्हणतात त्यांना. त्यांच्यावर हे औषध ओतलं काय आणि नाही ओतलं काय, सारखंच. ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशी जाणारच असतो, आणि नाव औषधाचं होतं. वर उगाच दिलं की अंगातले जे जंतू त्यातून वाचतात ते त्या औषधाला पुरून उरायला शिकतात. मग खरी गरज पडते तेव्हा तीच बाटली पाण्यासारखी. बाई हे फळ्यावर ठिपके काढून दाखवतात. ठिपके पुसत जातात, चार उरतात, आणि त्या चारांचे पुन्हा शंभर करतात. मी अख्खा चहा गार केला त्या दिवशी.

आता गंमत. बाई नुसतं सांगत नाहीत, करून घेतात. एक बाई आजारी पोराची आई बनून येते, डॉक्टरांनी तिच्याशी बोलायचं. या वेळी ती बाई आली नाही. शिकवणाऱ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं, म्हणाल्या, तुम्ही दोन मुलं वाढवलीत ना, बसा खुर्चीत. झाडू भिंतीला टेकवला आणि बसले. उशीचं बाळ मांडीवर. तोंडाला आलं ते बोलले. आता दर बुधवारी मीच आई.

ती फळीवरची बाटली ओतून टाक. पाणी घातलेलं औषध आठ-पंधरा दिवसांत मरतं.

ताई

२२ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, तुझी बहीण झाडू मारायला गेली आणि डॉक्टरीण होऊन बसली. पण हसत होत्या. ठिपक्यांचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

मला खरं सांगू, हे सगळं ऐकून मला जास्त भीती वाटली. म्हणजे डॉक्टरांनाही माहीत नसतं? आपण त्यांच्या दारात पोर घेऊन उभं राहतो ते त्यांना माहीत आहे म्हणून. तेही नखं बघत असतील तर आपण कुणाकडे बघायचं?

आमचा दवाखाना हल्ली बुधवारी बंद असतो. पाटी लावलेली असते, बाहेर गेलो आहे. लोक म्हणतात डॉक्टर थकले. बुधवारी मुंगीला काही होऊ नये एवढंच मी बघते.

तू आई बनून काय बोलतेस ते लिहिलं नाहीस. उशी मांडीवर घेऊन तुला रडू कसं येतं?

बाटलीचं लक्षात आहे. टाकीन.

बारकी

१ डिसेंबर

बारके,

तुझा प्रश्न मी बाईंना विचारला, तेही माहीत नसतं तर आपण कुणाकडे बघायचं. बाईंनी फळा पुसायचं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, त्यांना औषध माहीत असतं हो, न देणं माहीत नसतं. ते त्यांना कुणी शिकवलंच नाही.

आणि ते मी दर बुधवारी डोळ्यांनी बघते. खुर्चीत बसते, दोन वाक्यं बोलते, डोळ्याला पदर लावते, की समोरचा पेन उचलतो. बारातले अकरा पहिल्या दिवशी हरले. बारावा पेन विसरला होता. मला वाटायचं डॉक्टर म्हणजे दगड, आपलं रडणं त्यांच्या अंगावरून ओघळून जातं. तसं नाही ग. रडणं बघवत नाही म्हणून ते पेनाच्या आड लपतात. मी इतकी वर्षं दवाखान्याच्या बाकावर बसले आणि हे कधी बघितलं नाही, कारण मी पोराकडे बघत होते.

सगळ्यात कच्चा एक उंच डॉक्टर आहे. माझं रडणं पूर्ण व्हायच्या आधीच लिहून मोकळा. बाईंनी त्याला पुन्हा बसवला, पुन्हा तेच. पाच वेळा. बाकीचे हसायला लागले. पाचव्या वेळी त्यानं पेन खाली टाकला आणि म्हणाला, "वीस वर्षं मी रडणाऱ्या बाईला नाही म्हटलेलं नाही. मला ते येत नाही." मग कुणी हसलं नाही. पिकल्या केसांचा माणूस, सगळ्यांसमोर म्हणतो, मला येत नाही.

बाई म्हणाल्या, नाही म्हणूच नका. भांडू नका, समजावू नका. आधी ती कशाला घाबरली आहे ते विचारा. आणि मग तिला घरी काहीतरी घेऊन जाऊ द्या, पण ते औषधच असलं पाहिजे असं नाही.

पुढच्या बुधवारी तो सहाव्यांदा बसणार आहे.

ताई

९ डिसेंबर, मंगळवार

ताई,

हे दुधाच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात देते आहे. गाडी संध्याकाळी तुमच्या शहरात येते, सकाळी रिकामे कॅन घेऊन परत निघते. उत्तर त्याच्याकडेच दे.

मुंगीला परवापासून सर्दी. आज पहाटे कान धरून किंचाळत उठली. अंग तव्यासारखं. सकाळी सकाळी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी दिव्याची नळी लावून दोन्ही कान पाहिले, घसा पाहिला, फ्रॉक वर करून छाती पाहिली, घड्याळ हातात घेऊन नुसते बघत बसले. एवढं त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, सर्दीनं एक कान लाल झालाय, बाकी ठीक आहे. मी पेनाकडे बघत होते. पेन उचलत नव्हते. म्हणून मी म्हटलं, दरवेळी म्हणते तेच, आमच्या घरात एक मूल तापानं गेलंय, मला रिकाम्या हातानं पाठवू नका.

ताई, ते ऐकून डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. चष्मा काढला तो हातातच राहिला. चेहरा असा झाला जसं मी काहीतरी भयंकर बोलले. मग अगदी हळू विचारलं, "कोण गेलं?"

मी मुंगीच्या फ्रॉकची बटणं लावत राहिले. आजवर मला हे कुणी विचारलेलं नाही.

मग त्यांनी ते औषध लिहिलं, पण कागदाची घडी घातली आणि म्हणाले हे आज आणायचं नाही. दोन दिवस ताप-दुखण्याचं साधं औषध द्यायचं, वजनावर मोजून दिलं ते. दहातल्या सात-आठ मुलांचा कान आपला आपण बरा होतो. गुरुवारी सकाळीही ताप आणि दुखणं असंच राहिलं तर घडी उघडायची आणि दुकानात जायचं. आणि दुसऱ्या कागदावर मला चित्रं काढून दिली, वेडीवाकडी. पोर पाणी पीत नाही. हलवून उठत नाही. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो, नाहीतर मिनिटात चाळीसच्या वर श्वास. कानामागे सूज. यातलं एक जरी दिसलं तर गुरुवार नाही आणि बुधवार नाही, तेव्हाच निघायचं, ते नसले तर मोठ्या रुग्णालयात. मुंगीचे श्वास मला मिनिटभर मोजायला लावले. माझे अठ्ठावीस आले, त्यांचेही अठ्ठावीस.

त्यांनी विचारलं, घरात जुनी बाटली होती का, उघडली का, मी रागावणार नाही. मी नाही म्हटलं. तुझ्यापाशी खरं बोलते, पहाटे दोन चमचे दिले होते.

ताई, ते माझ्याकडे तसं का बघत होते? मुंगीचं काहीतरी वाईट दिसलंय आणि ते लपवताहेत. नाहीतर आईच्या हातात असा निर्णय कोण देतं? मी सातवी शिकलेली बाई. उद्या बुधवार, पाटी लागणार. मी काय करू ते लगेच लिही.

बारकी

९ डिसेंबर, रात्र पडायच्या आत

बारके,

मुंगीचं काही वाईट नाही. ते लपवत नाहीत. हे आधी तीनदा वाच.

आता मी तुझ्यापासून जे लपवलं ते. त्या उंच डॉक्टरला मी पहिल्याच बुधवारी ओळखलं. तुझ्या पत्रातला चष्मा, शर्टाचं टोक, वाकून बोलणं. तुझेच डॉक्टर. खोलीतलं खोलीत राहिलं पाहिजे असं बाईंनी बजावलं होतं, म्हणून बोलले नाही.

आणि मी खुर्चीत बसून काय बोलते ते तू विचारलंस, मी पुढच्या पत्रात विषय बदलला. मी तुझंच बोलते. पहिल्या दिवशी मला काही सुचेना, तुझं पत्र कमरेला खोचलेलं होतं, आणि तोंडातून आलं, आमच्या घरात एक मूल तापानं गेलंय, मला रिकाम्या हातानं पाठवू नका. त्या एका वाक्यावर अकरा डॉक्टर हरले. मग बाई म्हणाल्या तेच ठेवा.

मागच्या बुधवारी ते सहाव्यांदा बसले. मी तेच वाक्य म्हटलं. त्यांनी पेन टेबलावर आडवा ठेवला, चष्मा पुसला आणि विचारलं, "कोण गेलं?" बारके, मी खोटी आई विसरले. उशी बाजूला ठेवली आणि खरी रडले. बाईंनी फळ्याकडे तोंड फिरवलं.

म्हणून ते तुझ्याकडे तसे बघत होते. सहा वेळा खोटं ऐकलेलं वाक्य आज त्यांच्यासमोर खरं पोर घेऊन येऊन बसलं.

दोन चमच्यांचं त्यांना सांग. नाहीतर मी सांगते.

ताई

१० डिसेंबर, बुधवार

ताई,

पत्र मिळालं.

तू आपला भाऊ तिथे नेऊन बसवलास. उशीच्या शेजारी. बारा माणसांना धडा शिकवायला. मला एकदा विचारायचं होतंस. मी ते वाक्य देवासमोर म्हणावं तसं म्हणते ग, माझ्याकडे दुसरं काही नाही म्हणून म्हणते. त्याच्यावर ते पेन खाली ठेवायला शिकले, आणि तो पेन माझ्याच पोरीसमोर खाली ठेवला.

ताप उतरलेला नाही. औषध दिलं की दोन तास खेळते, मग पुन्हा चढतो. मोजते आहे. एकतीस. तीस. झोपेत सव्वीस. पाणी पिते. खड्डा नाही. दर तासाला फ्रॉक वर करते, तर आता पोर मला बघितलं की आपणच फ्रॉक वर करते.

सासूबाई म्हणतात कागद आहे ना हातात, मग कशाची वाट बघतेस, आण जा. दवाखान्यावर पाटी आहे. दुकान दहा पावलांवर आहे. माझ्या मुंगीला काही झालं तर मी तुझं तोंड बघणार नाही, हे मी शांतपणे लिहिते आहे.

बारकी

१० डिसेंबर, संध्याकाळ

बारके,

गाडी आली, तुझं पत्र मिळालं. राग वाचला. तो माझा आहे, मी घेते. विचारायला हवं होतं.

पण आज काय झालं ते ऐक. चहाच्या वेळी मी तुझ्या डॉक्टरांना थांबवलं आणि म्हटलं, काल कानाच्या दुखण्याची पोरगी घेऊन आली होती ती माझी सख्खी बहीण. त्यांच्या कपातला चहा बशीत सांडला. बसले खाली, पायरीवरच. मग दोन चमच्यांचं सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं कळलं. मग म्हणाले, "बाई, कागदाची घडी घालून दिली, पण कालपासून माझ्या घशाखाली घास नाही. लगेच आणा म्हटलं असतं तर मी सुखानं जेवलो असतो." ऐकलंस का? आपण बाहेर बसून घाबरतो आणि तो माणूस आत बसून घाबरतो, आणि दोघांमधे एक प्लास्टिकचा पडदा. परत जाताना ते तुझ्या घरी येणार आहेत. हे पत्र पोचेल तोवर येऊनही गेले असतील.

आणखी एक. मी बाईंना आपल्या भावाचं सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, श्वास कसा घेत होता. मी अकरा वर्षांची होते, मला आठवतं. बरगड्यांखाली खड्डा पडायचा. आई म्हणायची बघ कशी घाई झालीय याला. बाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, त्याला ते औषध हवं होतं, आणि पहिल्याच दिवशी हवं होतं. कुणी मोजलं असतं तर कळलं असतं.

म्हणजे तू म्हणतेस ते खरं आहे बारके, त्या औषधानं मूल वाचतं. आपला वाचला असता. म्हणूनच ते ज्याला हवं त्याच्यासाठी धारदार राहिलं पाहिजे. मी हे बाईंच्या खोलीत गेले महिनाभर ऐकते आहे, पण आज पहिल्यांदा कळलं. चहाच्या भांड्यांपाशी उभी राहून मला इतकं मोठं काहीतरी कळलं की हातातला साबण तसाच राहिला.

खड्डा दिसला तर पळ. नाही दिसला तर बघत राहा.

ताई

१४ डिसेंबर

ताई,

चार दिवस मुद्दामच लिहिलं नाही. आधी रागानं, मग शब्द सापडेनात म्हणून. आता जमेल तसं सांगते.

बुधवारी संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास डॉक्टर आले. खुर्ची दिली ती घेतली नाही, मुंगीच्या गोधडीशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले. घड्याळ काढलं आणि मोजायला लागले. पूर्ण एक मिनिट. ताई, एक मिनिट केवढं असतं ते मला त्या दिवशी कळलं. सासूबाईंनी भांडं घासायचं थांबवलं. रस्त्यावर कुणाची तरी सायकल गेली ती ऐकू आली. एवढा शिकलेला माणूस, आणि तो करत काय होता, तर माझ्या पोरीचं पोट वर जातं आणि खाली येतं ते बघत होता. मला वाटलं, आपण सगळे तिच्याभोवती बसून काहीतरी फार मोठं बघतो आहोत, आणि ते रोज इथेच चाललेलं असतं.

तीस, ते म्हणाले. कान पाहिला, कानामागे हात फिरवला. मी स्वतःहून दोन चमच्यांचं सांगितलं. ते म्हणाले, मला माहीत आहे, पण तुम्ही सांगितलंत ते मला जास्त बरं वाटलं. बाटली मागितली, सासूबाईंनीच उठून दिली. देताना म्हणाल्या, ठिपके वाढतात म्हणे याच्यानं. डॉक्टरांना हसू आवरेना.

मग मी त्यांना सांगितलं कोण गेलं ते. चटई, आईचा हात, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "इतकी वर्षं मी औषध मुलांना देतोय असं समजत होतो. मी ते आयांच्या भीतीला देत होतो. आणि भीती कधी बरी झाली नाही." मग म्हणाले, उद्या सकाळी तुम्हीच ठरवा, तुम्ही तिला दिवसभर बघता, मी मिनिटभर बघतो. मी म्हटलं मला नाही जमणार. ते म्हणाले, दोन दिवस जमवलंतच की.

गुरुवारी उजाडलं तेव्हा अंग गरमच होतं. आदल्या दिवसाइतकं आहे की कमी आहे, मला कळेना. कान धरत होती, पण ओरडत नव्हती. सासूबाई नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या, तेच जड गेलं. कागद घेतला, मुंगीला खांद्यावर टाकलं आणि दुकानात गेले. दुकानदारानं हात पुढे केला, दे म्हणाला. मी घडी उघडली. आणि ताई, तेवढ्यात माझ्या मानेला काहीतरी गार लागलं. मुंगीचं कपाळ. ओलं होतं. केसांच्या मुळाशी घाम फुटला होता, आदल्या औषधाला सहा तास होऊन गेले होते तरी. दुकानदार हात पुढे करून उभा. मागे दोनजण खोळंबले. मी तिथेच उभी राहून तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मोजलं. मागचा माणूस म्हणाला, बाई, झोपलात का उभ्या उभ्या. मी म्हटलं थांबा जरा, मोजते आहे.

सव्वीस आले. जागेपणी सव्वीस. मी कागद मिटला आणि घरी आले. घाबरले होते, पण ती पहिली भीती नव्हती, वेगळंच काहीतरी होतं.

दुपारी ताप गेला. पुन्हा आलाच नाही. शुक्रवारी ती पायरीवर बसून मला हाका मारत होती. पोट बिघडलं नाही, काही नाही. डॉक्टरांना सांगायला गेले तर दवाखान्यात गर्दी होती, म्हणून दारातूनच मान हलवली. त्यांना कळलं. हातातला पेशंट सोडून ते क्षणभर डोळे मिटून बसले.

तुझ्यावरचा राग गेला असं नाही म्हणत. भाऊ माझाही होता. पण मग वाटतं, वीस वर्षं तो आपल्या दोघींच्या घशात अडकून होता, आणि आता बारा डॉक्टर दर पोराचा श्वास मोजताहेत. हे कुणी केलं म्हणायचं, तू, मी की त्यानं? मला ठरवता येत नाही. तू त्या खुर्चीत बसत जा. माझी हरकत नाही. फक्त त्याच्याबद्दल खोटं रडू नकोस.

हे लिहिताना ती माझ्या समोर पालथी झोपली आहे. गुडघे पोटाशी, बूड वर. मी त्या दोन दिवसांत काय केलं, तर नुसती बसले. पाणी पाजलं आणि बसले. आणि आत तिचं तिचं सगळं चाललं होतं. कुणी तिला शिकवलं नाही. तिला अजून चपला घालता येत नाहीत ताई, डाव्या पायातली उजव्यात घालते. आणि या एवढ्याशा अंगानं एका कानातलं सगळं युद्ध एकटीनं जिंकलं, आणि उठून मला म्हणाली, भूक.

मी मघापासून हिच्याकडे बघते आहे. चूल तशीच पडली आहे. पडू दे.

बारकी